ड्रम थांबतो तिथे

आमच्या घरात ‘छान’ हा शब्द दुसऱ्यांच्या घरच्या पोह्यांसाठी राखीव आहे. खरंच काही आवडलं तर ‘बरं आहे’ म्हणतात, आणि फारच आवडलं तर कोणी बोलत नाही, नुसतं पुन्हा वाढून घेतात. त्यामुळे आमच्या लाडक्या बँडचा नवा अल्बम ऐकून मी मुलीला ‘छान आहे’ म्हणालो, तेव्हा तिला काय ते कळलं. ‘हं,’ म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी घाबरलो. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण घाबरलो. दहावीनंतर अभ्यास, मैत्रिणी, जेवण, काहीही विचारलं की तिचं एका शब्दात उत्तर यायचं. उरला होता तो हा बँड. त्याची जुनी गाणी मीच तिला लहानपणी ऐकवली होती आणि त्यांच्यावरून ती अजूनही माझ्याशी तावातावाने भांडायची. जूनमध्ये ती शिकायला अहमदाबादला जाणार होती. हेही बंद पडलं तर फोनवर आम्ही बोलणार काय? ‘जेवलीस का?’

अल्बम मात्र खरोखर भिकार वाटत होता. चाल नाही, ठेका नाही, गायक सर्दी झाल्यासारखा पुटपुटतोय. तरी हट्टाने ऐकत राहिलो. तिला सदाशिव पेठेतल्या क्लासला सोडायचो आणि ती सुटेपर्यंत समोर स्कूटरवर बसून तेच ते. एकदा तिथल्या सोसायटीतले आजोबा म्हणाले, “अहो, रोजच येताय, तर वर राहायलाच या ना.” मी कानातले इअरफोन काढून माफी मागितली, गाडी पुढे सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

कधी बदललं ते सांगता येणार नाही. एक दिवस मेथी निवडताना तिसऱ्या गाण्याची ओळ तोंडात आली आणि मी चपापलो. त्या गाण्यात ड्रम मध्येच थांबतो आणि नुसता गायकाचा श्वास ऐकू येतो. आधी ती मला रेकॉर्डिंगमधली चूक वाटली होती. आता मी त्या जागेची वाट बघू लागलो. ती आली की छातीत धडधडायचं, ड्रम परत सुरू होतोय की नाही म्हणून. गाणं पाठ होतं, तरीही. ते मला मनापासून आवडलं होतं. पण हे तिला सांगायचं कसं? आता काहीही म्हटलं तरी तिला ती मनधरणीच वाटणार.

शेवटी क्लासहून विश्रांतवाडीला परतताना येरवड्याच्या सिग्नलला मला राहवलं नाही. मान वळवून म्हणालो, “तिसऱ्या गाण्यात ड्रम थांबतो ना, तिथे माझ्या पोटात गोळा येतो.”

मग मागून आवाज आला, “माझ्यापण. म्हणून एकटी असताना मी ते लावतच नाही.” पुढे वाकून म्हणाली, “तिकडे गेल्यावर कसं ऐकू, बाबा?”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मला गाडी पुढे काढता येईना.