दिवेलागणीची खरखर

आमचं इंटरनेट दिवेलागणीला पडायचं, ते सकाळीच उठायचं. कंपनीचा माणूस मात्र दुपारी येऊन सांगायचा, "काकू, लाइन ओके आहे." दुखणं रात्रीचं आणि तपासणी दुपारची, मग दुखणं सांगणाराच खोटा ठरतो! घरातलीच विजेची एखादी वस्तू लाइन बिघडवत असेल, तर तिच्याजवळ रेडिओही खरखरेल, म्हणून शेवटी मी जुना रेडिओ काढला, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि संध्याकाळी घरभर हिंडले. देवघरापाशी तो जोरात खरखरला. देवापुढचा, रात्रभर जळणारा विजेचा दिवा बंद केला, तशी खरखर थांबली आणि इंटरनेटही आलं.

"तिन्हीसांजेला देवापुढचा दिवा मालवतेस?" सासूबाई कडाडल्या.

मी समई लावली. विजेचा दिवा जपून ठेवलाय. उद्या त्या माणसाला दिवेलागणीलाच बोलावलंय, त्याच्यासमोर तो दिवा लावीन आणि विचारीन, "आता बोल, लाइन ओके आहे?"