मैमुनाबीचा घास

नवऱ्याला तळहातावरच्या फोडासारखं जपावं, अशी मैमुनाबीची फार इच्छा. पण खैरुद्दीन आखातात ड्रायव्हर. सकाळीच कंपनीची पिकअप घेऊन रास अल खोरच्या गोदामांकडे निघायचा, तो रात्री अल कुसैसच्या घरी यायचा. जपणार कधी? नव्व्याण्णव साली गोदामात टाइल्सची पेटी त्याच्या डोक्यावर पडली आणि संधी आयती चालून आली. मेंदूला मार बसला, उजवा हात नुसता लटकत राहिला.

कंपनीचा मॅनेजर मोठा दयाळू. म्हणाला, "बकरी ईदनंतर गाडी चालवता आली तर या. नाहीतर व्हिसा कॅन्सल, इन्शाल्ला." म्हणजे बाडबिस्तारा गुंडाळून रत्नागिरी, आणि मुलगी एमान हिची शाळा खलास.

आपल्या बिल्डिंगमध्ये मेंदूचे एवढे तज्ज्ञ राहतात, हे मैमुनाबीला तेव्हा कळलं. शेजारच्या इद्रीसभाईंनी जंगली कबुतराचा रस्सा सांगितला. आता अल कुसैसमध्ये जंगल कुठलं? कबुतरं होती ती एसीवर बसणारी. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोण विचारतो!

हॉस्पिटलातली फिजिओथेरपीवाली बाई केरळची. हिंदी मोडकं, पण बोलणं सरळ. ड्रायव्हरला कळेल असं तिने सांगितलं. रस्ता बंद झाला की गाड्या बाजूने कच्ची वाट पाडतात ना? मेंदूचंही तसंच आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी आपसात नव्या जोडण्या करतात आणि हातापर्यंत वाट काढतात. मात्र त्या वाटेने रोज गाड्या जायला हव्यात, नाहीतर वाळू चढते. म्हणून चांगला डावा हात बांधून ठेवा, म्हणजे उजव्याला हलावंच लागेल.

मैमुनाबीला हे लगेच पटलं. माणसाने डाव्या हाताने जेवावं, हे तिला मुळातच बघवत नव्हतं. तिने ओढणीने नवऱ्याचा डावा हात बांधला, गाठ पक्की मारली, आणि ताट मांडीवर घेऊन स्वतःच्या हाताने त्याला भरवायला बसली. सांगितल्या शब्दाचं इतकं चोख पालन त्या हॉस्पिटलने कधी पाहिलं नसेल. काटे काढलेली सुरमई, कालवलेला भात, मग पाणी, मग तोंड पुसणं. खैरुद्दीन काही बोलायला गेला की तोंडात पुढचा घास. मग उरलंसुरलं गार ती ओट्यापाशी उभ्यानेच खायची.

"ममी, लेट हिम ट्राय," एमान म्हणायची.

"तू अभ्यास कर."

ईद जवळ आली, हात होता तिथेच. बाईने विचारलं, "जेवतात कशाने?"

"माझ्या हाताने," मैमुनाबी अभिमानाने म्हणाली.

"अच्छा. मग तुमचा हात एकदम फिट झाला असेल."

बसमध्ये मैमुनाबी खिडकीकडे तोंड करून रडली. एवढा जीव लावून आपण नवऱ्याचा हातच खाल्ला, असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून ताट खैरुद्दीनसमोर, आणि ती हातावर हात ठेवून पलीकडे. भात मांडीवर, गालिच्यावर, दाढीत. तोंडात फक्त नावाला. बघून तिचा जीव तीळतीळ तुटायचा. पुन्हा बाईचा हुकूम असा की तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि मैमुनाबीला ते उपासापेक्षा जड. बिचारी तेही करत होती.

ईदच्या आदल्या दुपारी मात्र राहवलं नाही. तोच घास तिसऱ्यांदा सांडला, तेव्हा तिने पटकन दुसरा कालवला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

उजवा हात वर आला. बोटांनी तिचं मनगट धरलं आणि हळूच बाजूला सारलं.

"बस झालं, मैमुना. तू जेव आता."

तिला आधी रागच आला. ज्या हातासाठी एवढे नवस बोलले, त्याने पहिलं काम काय केलं, तर मलाच हाकललं! मग मनगटावरची पकड तिच्या ध्यानात आली. मनगट धरलं, तसं उद्या स्टिअरिंगही धरील.

घास तिच्या हातात तसाच होता. तिने तो स्वतःच्या तोंडात घातला. कालवण गरम होतं.