एका ढिगातला लसूणघास

परभणीच्या एका प्रयोगशाळेत तो गिनीपिग सांभाळायचा. मी तिथं नवा कारकून. नामांतराचे दिवस, मी बौद्ध हे त्यानं आडनावावरून पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. प्रत्येक वाक्याआधी "आता बगा" म्हणायची त्याला सवय होती.

एकदा खच्ची केलेला नर माद्यांत सोडायचा होता. मी म्हणालो, "द्या की सोडून." तो दुखावलाच. "आता बगा, असं एकदम न्हाई जमत. चावून रगत काढतील."

माद्यांच्या अंगाखालचं गवत त्यानं नराच्या खोक्यात टाकलं, वास अंगाला लागू दिला. मग सगळ्यांना मोकळ्या फरशीवर सोडून मधोमध लसूणघासाचा ढीग ठेवला. एक मादी दात वाजवत नराच्या अंगावर गेली. ह्यानं तिला नुसतं चुचकारलं. हळूहळू सगळी तोंडं ढिगाला लागली.

"आता बगा, एका जागी खाल्लं की परकेपण जातंय." लय खूश होता. मलाही तो आवडायला लागला होता.

तेवढ्यात चहाची किटली आली. त्यानं हात धुतले, सगळ्यांचे कप मांडले आणि खिडकीतल्या कान तुटलेल्या कपाकडं बोट केलं.

"आता बगा, तुमचा तिकडं हाय."