चौकोनी खोडाचं फूल

शाळेत अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तुळशीच्या कुळाची लक्षणं मला झोपेतून उठवून विचारा: चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल. फळ्यावर रंगीत खडूनं झकास काढून दाखवायचे. पण तुळस-पुदिना सोडला तर त्या कुळातलं एकही रानफूल मी स्वतः ओळखलेलं नव्हतं. बाईंनाच येत नाही, हे सांगणार कुणाला? लाज वाटायची.

निवृत्तीनंतर बारामतीहून निमगाव केतकीला दिरांच्या मळ्यात गेले होते. भाऊजी पाठीवर पंप अडकवून उसाच्या बांधावर तणनाशक मारायला निघाले. मीही मागोमाग गेले, तर बांधावर हातभर उंचीचं झुडूप आणि गोल गुच्छांत इवली पांढरी फुलं! खालचा ओठ चांगला लोंबलेला. मी धावत पुढं झाले.

"भाऊजी, थांबा! मारू नका!"

"साप हाय का काय?" ते जागच्या जागी थबकले.

"फूल आहे."

"वहिनी, वारं सुटायच्या आत उरकायचंय मला. धा मिंटं देतो."

दहा मिनिटं! मी तिथंच मातीत फतकल मारली. खोड बोटांत फिरवलं. एक, दोन, तीन, चार कडा! पानं समोरासमोर. बाभळीच्या काट्यानं फूल अलगद सोडवलं, तर पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्याचं तोंड तिरकं, कडेला बारीक दात. फोनवरच्या चित्रांशी ताडून पाहिलं आणि ओरडलेच, "तुंबा! हा तुंबा आहे!"

"मग दुसरं काय असणार?" भाऊजी म्हणाले. "शंकराला वाहतो की आमी. इचारायचं तरी."

माझी हवाच गेली, पण आनंद काही कमी होईना. "देवाला वाहता आणि वर औषध मारता?"

"बांधावर आलं की तणच ते."

मग मीही हट्टाला पेटले. एक काडी त्यांच्या हातात दिली. "डोळे मिटा आणि बोटांत फिरवा."

त्यांनी फिरवली. पुन्हा फिरवली. "आरं तिच्या! चौकोनी हाय की! जनम गेला उपटण्यात, कदी ध्यानात आलं न्हाय." पंप खाली ठेवून त्यांनी पलीकडं खुरपणाऱ्या बायांना हाक मारली, "हितं या गं समद्या!"

बघता बघता पाच-सहा जणी डोळे मिटून काड्या फिरवत उभ्या राहिल्या. "व्हय की! व्हय की!"

मला रडूच आलं. माझ्या वर्गात असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? मी कुणाच्या हातात काडी दिलीच नव्हती.