सळईच्या दोन वायरी

आमचा दादा एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याचं हो व्हायचं नाही. आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत, तो मोजमापाला, मी पंपांवर. बांगडीसारखं भलंमोठं पोकळ यंत्र, आत चुंबकांनी धरून ठेवलेला प्लाझ्मा, म्हणजे विजेनं भारलेला, भयंकर तापलेला वायू. त्याच्या अगदी कडेला, बोटभर जाडीच्या पट्ट्यात, विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते प्लाझ्माला एका दिशेला ढकलत नेतं. कुठल्या दिशेला, एवढंच दादाला आयुष्यभर मोजायचं होतं.

त्यासाठी त्यानं स्वतः यंत्राच्या कडेत खुपसायची सळई बनवली. टोकाला चिनीमातीची छोटी भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना धातूचा एकेक डोळा, प्रत्येकाची वायर सळईतून बाहेरच्या पिनेला. वाहता प्लाझ्मा ज्या डोळ्यावर आदळेल तिथे करंट जास्त. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. "तुमचे धसमुसळे हात," म्हणायचा.

आणि सळईनं सांगितलं, प्लाझ्मा उलटा वाहतोय. सगळ्या जगाच्या उलट! दादा हवेत. लोक पाठीमागे त्याला 'उलटेबुवा' म्हणायचे, तरी मान ताठ.

आमच्याकडे एक गणितवाला होता. कडेच्या क्षेत्राचं गणित त्याचं, आणि मी त्याची होणार होते. तारीख तेवढी ठरायची होती. एकदा आमच्या स्वयंपाकघरात बसून तो सरळ म्हणाला, "वायरी तपास ना एकदा. अदलाबदल झाली असेल."

"मी सळई अर्धी फिरवून बघितलीय," दादा ओरडला. "आकडा बरोबर उलटला!"

"अरे, वायरी चुकल्या असल्या तरी तो उलटणारच! कुठला डोळा कुठल्या पिनेला, ते त्यानं थोडंच कळतं?"

दादानं त्याला घराबाहेर काढलं. सळई काढायची तर यंत्रात हवा घ्यावी लागते, मग ती पुन्हा पंपांनी उपसण्यात महिना जातो. एका टोमण्यापायी ते करणार नाही म्हणाला. मला म्हणाला, "एक तर तो, नाहीतर मी." आईबाबांमागे दादानंच मला वाढवलं होतं. मी राहिले. गणितवाला दूर दुसऱ्या यंत्रावर गेला, तिकडेच त्याचा संसार झाला.

यंदा यंत्र मोडीत निघालं. दादा अंथरुणाला खिळलेला, नाकात नळी. "सळई घेऊन ये," एवढंच घोकत होता. "मरायच्या आधी त्याचं तोंड बंद करतो."

मी कामावरच मीटर लावलं, वायर जुळली की बीप वाजवणारं. डाव्या डोळ्याला टेकवलं, आणि 'उजवा' लिहिलेल्या पिनेवर बीप वाजलं. अक्षर दादाचंच. मग असला संताप आला की सळई भिंतीवर आपटावीशी वाटली.

घरी पोचले तर तो उठून बसलेला. "काय निघालं?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. "उलट्या होत्या," मी म्हणाले.

"आण इकडे." त्यानं स्वतः मीटर लावलं. बीप. डोळा बदलला. पुन्हा बीप, पुन्हा चुकीच्याच पिनेवर. त्याचा चेहरा पार उतरला.

"त्याला कळव," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं म्हणावं."

"एवढंच कळवू? की वायरी उलट्या निघाल्या, आता ये, असंही म्हणू?"

दादा रडायला लागला. मी त्याला कधीच रडताना पाहिलं नव्हतं. नळी सरकली होती, ती मी नीट केली. कीव मात्र आली नाही.