सुईवाली पंचफुला

पंचफुला दोन मिनिटं एका जागी बसली तर समजावं की तिला बरं नाही, असं नालवाडीतल्या बायका म्हणायच्या. पण २००५ सालच्या उन्हाळ्यात तिनं हद्द केली. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचे, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचं, फाटकापर्यंत जायचं आणि कशाला आलो ते विसरून परत यायचं. नवरा तानबा रेल्वेत गँगमन, जन्माचा शांत माणूस. तोही एकदा वैतागला. "अवं, बस ना जराशी. तुह्याकडं पाहूनच माहे पाय दुखून राह्यले." ती बसली, आणि तानबानं विडी पेटवायच्या आत उठली.

कारण होता तिचा धाकटा भाऊ लहानू. नाव लहानू, पण माणूस दारातून वाकून आत येणारा. हिंगणघाटला जिनिंगमध्ये मशीनवर होता. वय तीस, बायको पौर्णिमा, एक लेकरू. त्या वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहाराच्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं होतं. लहानूनं आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं. बिस्किटं खाल्ली, प्रमाणपत्र घेतलं, ते फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावायचं असं पौर्णिमाला सांगून ठेवलं. फ्रेम काही झाली नाही. बारा दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला की एकदा येऊन भेटा.

रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. काविळीच्याच घराण्यातला रोग, म्हणाल्या, पण हा वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि आतून लिव्हर खातो. एका ताटात जेवल्यानं होत नाही, रक्तातून होतो, तेव्हा दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा, बाकी घरात कुणी कुणाला दूर करू नका. मग त्यांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं? नाही. ऑपरेशन? नाही. गोंदण? नाही.

"सुया मात्र लय घेतल्या," लहानू म्हणाला. "टायफाइड झालता तवा ताईकडे राह्यलो होतो. ताई दवाखान्यात कामाले होती ना! ताकदीच्या सुया फुकट भेटत." आणि त्यानं शेजारी बसलेल्या पंचफुलाकडे कौतुकानं पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "त्यानंही होऊ शकतं. आता इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येणार नाही." लहानू बोलून विसरला. पंचफुला मात्र तेव्हापासून एका जागी बसेना.

ती गोष्ट त्र्याण्णव सालची. नालवाडीच्या रस्त्याला बापूरावांचा दवाखाना होता. बापूराव डॉक्टर होते की नव्हते, हे त्यांच्या दारावरच्या पाटीलाच ठाऊक. पण माणूस मायाळू आणि सुई द्यायला तयार. आपल्या लोकांना गोळी दिली की वाटतं डॉक्टरनं फसवलं, सुई टोचली की वाटतं इलाज झाला. पंचफुला तिथं झाडलोट करायला लागली आणि वर्षभरात सुया उकळायचं काम तिच्याकडे आलं. काचेच्या तीन सिरिंजा, सात-आठ सुया, स्टीलचा लांबट डबा आणि रॉकेलचा स्टोव्ह. पाणी खळखळलं की तिथून पुढे वीस मिनिटं मोजायची, हे बापूरावांनीच शिकवलेलं. एरवी ती मोजायची. बाजाराच्या दिवशी मात्र बाकड्यापासून रस्त्यापर्यंत माणसं. आतून हाक, "बाई, सुई!" पुन्हा हाक, "पंचफुलाबाई, किती वेळ?" मग डब्याच्या तळाला पहिले बुडबुडे दिसले की ती चिमट्यानं सुई उचलायची. कधी तर नुसत्या गरम पाण्यात बुचकळून द्यायची. लोक तिला सुईवाली बाई म्हणायचे, वाटेत थांबून बोलायचे. तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, खूप आवडायचं.

आणि लहानूला ती बाजाराच्या दिवशीच न्यायची, कारण त्या दिवशी इतक्या लोकांसमोर त्याला सुई टाळता यायची नाही. टायफाइडनं पोराची पार काडी झाली होती. दहा आठवडे, दहा सुया. आई नसलेला भाऊ पुन्हा उभा राहावा म्हणून तिनंच हात धरून बसवला होता त्याला त्या बाकड्यावर.

आता इलाज ठरला चोवीस आठवड्यांचा. रोज गोळ्या आणि आठवड्याला एक सुई, पोटाच्या कातडीत. पैशाचं रडगाणं इथं गात नाही. विहाराच्या मंडळानं, जिनिंगच्या लोकांनी आणि तानबाच्या फंडानं मिळून ते निभावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध कडक आहे, ताप येईल, अंग मोडेल, चिडचिड होईल, केस गळतील. पण मध्ये सोडायचं नाही. सोडलं तर केलेलं वाया. पौर्णिमाला सुई पाहिली तरी घेरी येई. पंचफुला ताडकन म्हणाली, "मी देईन." पहिली सुई दवाखान्यात झाली, तिथल्या सिस्टरनं तिला नीट शिकवलं. दर शनिवारी लहानूनं हिंगणघाटहून यायचं, रात्री ताप भोगून रविवारी परत जायचं, असं ठरलं.

औषध थंड ठेवायचं होतं आणि पंचफुलाकडे फ्रिज नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या कौशल्याबाईंनी डबा हातातून घेतला, रोग कोणता ते विचारलं, ऐकून घेतलं आणि थंड पेयांच्या बाटल्या सरकवून मागे जागा केली. "माहं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असते. कवाई येजो," म्हणाल्या. पंचफुलानं मान हलवली आणि त्यांच्याकडे न पाहता निघाली. का, ते पुढे येईल.

दुसरा शनिवार. लहानू येऊन खाटेवर पडला होता. पहिल्याच सुईनं तो पिळवटून निघाला होता. पंचफुलानं सुई आणली. औषध आधीच भरलेली, प्लॅस्टिकची, सीलबंद. सिस्टरनं तीनदा सांगितलं होतं की ही शुद्धच असते, टोपण काढायचं आणि टोचायची. पंचफुलानं ती हातात धरली. उजेडात पाहिली. ठेवली. पुन्हा उचलली. न उकळलेली सुई लहानूला? पुन्हा?

लहानू पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरात आला तेव्हा गॅसवर पातेलं खळखळत होतं. आत सुई वाकडी होऊन तरंगत होती आणि बहीण भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी होती.

"ताई, हे काय करून राह्यली?"

"वीस मिन्टं होऊ दे. आठच झाले."

"अवं, प्लॅस्टिक हाय ते! औषध गेलं ना सारं!" त्यानं गॅस बंद केला. "सिस्टरनं सांगतलं होतं ना? काऊन उकळली?"

पंचफुला खाली बसली. गेले दोन महिने दाबून ठेवलेलं तिनं सगळं सांगून टाकलं. बाजाराचा दिवस, गर्दी, बुडबुडे, चिमटा. "फुकट भेटते म्हणून मी तुले नेलं, लहान्या. वीस मिन्टं थांबाची होती. मी दोनबी नाई थांबली. डॉक्टरीणबाईपुढे तू माह्याकडं पाहून हासला तवा मले वाटलं, जमिनीनं गिळावं."

लहानूनं पातेलं खाली उतरवलं. मग त्यानं एकच विचारलं. "किती जन राहत?"

"कुठी?"

"दवाखान्यात. बाजाराच्या दिवशी."

"साठ. कधी सत्तर."

त्यानं चपला घातल्या आणि बसस्टँडचा रस्ता धरला. पोटात ना सुई, ना तिच्या हातचं जेवण.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तानबाला विचारावं. भात दोनदा लागला. ती बापूरावांच्या जुन्या दवाखान्यापर्यंत जाऊन आली. बापूराव कधीच गेले होते आणि तिथं मोबाईलचं दुकान होतं. एसटीडीवरून पौर्णिमाला फोन केला. पौर्णिमा म्हणाली, गोळ्या घेतात, पण कोणाशी बोलत नाहीत, आणि म्हणतात आता सुई घेणार नाही. "तुमचं काई झालं का, ताई?" पंचफुलानं फोन ठेवला. सोडलं तर केलेलं वाया, हे वाक्य तिच्या डोक्यात सारखं वाजत होतं. एकदा आपण त्याला रोग दिला आणि आता खरं बोलून इलाजही बुडवला. मग गप्पच राहायला हवं होतं का? आणि ती पुन्हा अंगण झाडायला घेई.

शनिवारी दुपारी ती फाटकाशी गेली. परत आली. पुन्हा गेली. हिंगणघाटची गाडी येऊन गेल्याला अर्धा तास झाला आणि मग तो दिसला, उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, सावकाश. हातात कौशल्याबाईंच्या फ्रिजमधली सुई होती. वाटेत दुकानातून स्वतःच घेतली होती.

"हे पाय," तो खाटेवर बसत म्हणाला, "माहा राग गेला नाई. जाईल का नाई तेबी मले मालूम नाई. पन पोटात घुपसाले पौर्णिमाचा हात चालत नाई अन् माहा बी नाई. घे. उकळू नको म्हंजे झालं."

तिनं हात धुतले, तीनदा. टोपण काढलं. सदरा वर करून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे तिनं कातडी चिमटीत धरली आणि सुई दिली.

"दुखलं?"

"नाई." तो भिंतीकडे पाहतच म्हणाला. "तवाबी नाई दुखलं, ताई. तू टोचल्या जागी चोळत बसे. मले वाटे, आता मी बरा झालो." मग तो वळला. "बाकीच्यायलेबी नसन दुखलं. मले तं शिबिरात समजलं. त्यायले कोन सांगन?"

"मी कशी सांगू? लोक मले दारात उभी करतीन का?"

"नसन करत. मी चोवीस आठवडे येतो. ताप येऊ दे, केस जाऊ दे, सोडत नाई. पन तू सांगजो."

ताप चढायच्या आत त्यानं दोन घास खाल्ले आणि डोळे मिटले. पंचफुलानं त्याच्या अंगावर चादर टाकली. तानबाला म्हणाली, याच्याजवळ बसा. आणि पदर खोचून बाहेर पडली.

जायचं लांब नव्हतं, कोपऱ्यापर्यंतच. त्र्याण्णव साली बाजाराच्या दिवशी बाकड्याच्या टोकाला एक बाई ठरलेली असायची, कंबरदुखीची. दर आठवड्याला सुई घ्यायची आणि जाताना पंचफुलाच्या हातावर खडीसाखर ठेवायची. तिच्याच फ्रिजमध्ये लहानूच्या पुढच्या सुया होत्या. ही बाई उद्या फ्रिज बंद करेल, तोंड फिरवेल, गल्लीभर सांगेल; वाटेत पंचफुलानं हे सगळं मनात पाहून घेतलं. पाय मात्र थांबले नाहीत.

कौशल्याबाई साखर तोलत होत्या. तिला पाहून त्या सवयीनं फ्रिजकडे वळल्या. "अवं, सुई तं लहानूनं नेली ना मघा? आनखी पायजे का?"

"नाई," पंचफुला म्हणाली. "आज सुई नेऊन झाली. कौशल्याबाई, दुकान जराक वेळ बंद करता का? बसून बोलाचं हाय."

आणि ती दुकानातल्या स्टुलावर बसली, आणि कौशल्याबाईंनी शटर ओढून परत येईपर्यंत बसूनच राहिली.