साडेपाच तासांचा फरक

हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांना सगळे तारीखबाई म्हणत. कोण कधी कामाला लागलं, कुठलं मशीन कधी बिघडलं, कोणाच्या मुलीचं लग्न कधी झालं, सगळं तोंडपाठ. एकवीस वर्षं नोंदी ठेवल्या, एकदाही खाडाखोड नाही. याचा त्यांना थोडा तोराही होता.

बॉयलरशेजारी तपासणीचं बटण बसलं तेव्हा त्याच्या नोंदी वाचायचं काम त्यांच्याकडेच आलं. बॉयलरवाले काका रोज पहाटे पाचला झडपा तपासत आणि बटण दाबत. बटणाला तारीख कळत नसे. एकोणीसशे सत्तर साल उजाडल्यापासून किती सेकंद झाले, एवढा दहा आकडी नंबर ते लिहून ठेवी. तारीखबाई त्या नंबराची कॉम्प्युटरवर तारीख करत. वेळ कोणी मागितली नव्हती. कागदावर नुसत्या तारखा.

"दाबणं माझं, मांडणं तुमचं," काका म्हणत. "बटण खोटं बोललंच तर तुम्ही आहात."

तीन आठवडे झाले नसतील, तोच एका बुधवारी सकाळी वाफेचा पाइप फुटला. कोणाला इजा झाली नाही, पण दोन दिवस हॉस्पिटलला चादरी मिळाल्या नाहीत. मॅनेजरने यादी मागवली. यादी मंगळवारी संपत होती.

"मी दाबलं होतं," काका म्हणाले. मग तारीखबाईंकडे वळून, "दाबलं होतं ना?"

"कागदावर नाही," त्या म्हणाल्या.

काकांना बॉयलरवरून काढून मळक्या चादरी निवडायला बसवलं.

सात महिन्यांनी जुन्या फाइली लावताना ती यादी पुन्हा हाती आली. पहिली ओळ: एकतीस तारीख. बटण तर एक तारखेच्या पहाटे, काका यायच्या जरा आधी बसलं होतं. मिस्त्रीला कुलूप उघडून द्यायला त्या स्वतः आल्या होत्या. भिंतीवर नसलेलं बटण काकांनी दाबलं कसं?

त्यांनी वेळेचा रकाना उघडला. रात्री साडेअकरा. खालीही साडेअकरा, शेवटपर्यंत साडेअकरा. सेकंद मोजणारं घड्याळ साऱ्या जगाला एकच, आणि ते इथल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. ते साडेपाच तास मिळवायचे राहिले होते. काकांची प्रत्येक पहाट त्यांनी आदल्या दिवसात ढकलली होती. रोज न चुकता बटण दाबणाऱ्याच्या यादीत ही चूक दिसणार तरी कुठे? फक्त दोन टोकांना.

"आता कशाला उकरून काढताय बाई?" मॅनेजर म्हणाला. "त्यांनी स्वतः मान्य केलंय."

ते खरं होतं. पहिला महिना भांडणारे काका आता म्हणत, "विसरलो असेन. वय झालं." घराला कुलूप लावून तीन-तीनदा परत जाऊन बघत. गॅस बंद करायचं काम बायकोने काढून घेतलं होतं. डबा खाताना ते हे रंगवून सांगत, आणि सगळ्यांबरोबर तारीखबाईही हसल्या होत्या.

आपली चूक लिहिलेला कागद सही करून त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. दुसरी प्रत घेऊन चादरींच्या ढिगापाशी गेल्या.

"काका, बुधवारी तुम्ही बटण दाबलं होतं. चूक माझी आहे."

काकांनी हातमोजे काढले. कागद लांब धरून वाचला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"मला आठवत होतं, बाई. बोटाला बटण गार लागलं, तेसुद्धा आठवत होतं. पण तुमचा कागद नाही म्हणाला, म्हणून मी स्वतःलाच खोटं ठरवलं."

माफीची वाक्यं तारीखबाईंनी पाठ करून आणली होती. ती सोडून त्या काकांसमोर खाली बसल्या.

"बॉयलरचं काय करायचं ते करतील," काका म्हणाले. "हा कागद मी बायकोला दाखवणार. खाली हाताने लिहा, तिला हे आकडे कळायचे नाहीत."

तारीखबाईंनी लिहायला घेतलं. बुधवार लिहिता लिहिता मंगळवार लिहिला गेला. त्यांनी तो खोडला आणि वर बुधवार लिहिला.

काका ती खाडाखोड बघत राहिले.

"दुसरा कागद घ्या," ते म्हणाले. "नीट लिहा."